ठेवी ग्राहकांच्या, मत एक्सचेंजचं: स्टीम ब्लॉकचेनच्या ताब्याचं प्रकरण

2 मार्च 2020 रोजी स्टीम नावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवल्या जाणाऱ्या सार्वजनिक खातेवहीच्या साखळीवर, काही तासांत सत्तांतर झालं. साखळी चालवणाऱ्या वीस निवडून आलेल्या चालकांच्या जागी त्याच सुमारास उघडलेली वीस नवी खाती बसली. या खात्यांना आगापिछा नव्हता, कामाची नोंद नव्हती, त्यांची नावंही कुणी ऐकली नव्हती. कुणी यंत्रणा फोडली नव्हती, पासवर्ड चोरले नव्हते. रीतसर मतदान झालं होतं आणि मतं पडली होती ती बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन मोठ्या एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या बाजारांच्या, खात्यांतून. त्या खात्यांतली बरीचशी टोकन, म्हणजे साखळीवरची डिजिटल नाणी, ग्राहकांची होती. ग्राहकांना कुणी विचारलं नव्हतं.

क्रिप्टो उद्योगात सत्ता मोजक्या हातांत कशी गोळा होते याची उदाहरणं पुष्कळ आहेत. बिटकॉइनचं मायनिंग (संगणक चालवून नवी नाणी मिळवणं) मोजक्या पूलकडे, म्हणजे मायनिंग करणाऱ्यांच्या गटांकडे, जातं, स्टेबलकॉइनचा (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांचा) बाजार दोनतीन कंपन्यांच्या हाती राहतो. तरी मी हेच प्रकरण निवडलं, कारण इथे सगळं सार्वजनिक खातेवहीत नोंदलेलं आहे. कुणी, कधी, किती वजनाचं मत दिलं हे आजही तपासता येतं. सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण हे माझं काम. निवडणुकीचं दप्तर इतकं उघडं क्वचितच बघायला मिळतं.

स्टीम 2016 च्या मार्चमध्ये सुरू झालं. नेड स्कॉट आणि डॅन लारिमर यांची स्टीमिट ही कंपनी त्यामागे होती. कल्पना आकर्षक होती: लोकांनी लेख लिहायचे, इतरांनी ते उचलून धरायचे आणि त्या पसंतीनुसार लेखकाला टोकन मिळायचे. त्या वर्षीच्या जुलैत पहिले मोठे मोबदले वाटले गेले आणि टोकनचा भाव चार डॉलरच्या वर गेला. घरबसल्या लिहून पैसे मिळतात ही बातमी अनेक देशांत पसरली.

पण पुढच्या भांडणाचं बी पहिल्याच आठवड्यात पेरलं गेलं. साखळी सुरू झाली तेव्हा बाहेरच्या फार थोड्या लोकांना टोकन मायनिंग करता आलं. स्टीमिट कंपनीने स्वतःच्या यंत्रांवर सुरुवातीच्या टोकनपैकी सुमारे ऐंशी टक्के काढून घेतले. या जगात अशा प्रकाराला ‘निन्जा माइन’ म्हणतात. नवे टोकन तयार होत गेले, कंपनीने काही वाटले, काही विकले, आणि 2020 पर्यंत तिचा वाटा एकूण पुरवठ्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आला. कंपनीने वेळोवेळी सांगितलं होतं की हे टोकन प्रकल्पाच्या विकासासाठी आणि नव्या सभासदांना सामावून घेण्यासाठी आहेत, चालकांच्या निवडणुकीत ते वापरले जाणार नाहीत.

हे आश्वासन कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची नस इथेच आहे. ज्या समाजाचा अभिमानच असा की आम्ही माणसाच्या शब्दावर नाही, कोडवर विश्वास ठेवतो, त्या समाजाने सगळ्यात मोठ्या भागधारकाच्या बाबतीत चार वर्षं केवळ शब्दावर विश्वास ठेवला. पतसंस्थेत अध्यक्ष म्हणाले, ‘मी माझ्या गटाची मतं वापरणार नाही’, तर आम्ही लेखापरीक्षक उपविधींचं पान मागतो.

आता निवडणुकीची रीत. ती समजल्याशिवाय 2 मार्चचा प्रकार कळत नाही.

स्टीमवर दर तीन सेकंदांना एक ब्लॉक तयार होतो. ते काम मतांनी निवडलेले वीस आणि आळीपाळीने येणारा एक असे एकवीस चालक करतात. त्यांना ‘विटनेस’ म्हणतात. साखळीचे नियम बदलायचे असतील तर किमान सतरा विटनेसनी नवं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. मताचं वजन टोकनवर ठरतं, पण टोकन नुसते खात्यात असून चालत नाही. ते ‘पॉवर अप’ करावे लागतात, म्हणजे मुदत ठेवीसारखे अडकवून ठेवावे लागतात. बाहेर काढायचे तर ‘पॉवर डाउन’, आणि ते तेरा आठवड्यांत, दर आठवड्याला तेरावा हिस्सा या गतीने. हेतू चांगला होता. ज्याचा पैसा अडकलेला आहे तो साखळीचं नुकसान करणार नाही, अशी त्यामागची धारणा.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक खात्याला तीस विटनेसना मत देता येतं आणि प्रत्येक मताला पूर्ण वजन मिळतं. वजन तीस ठिकाणी विभागलं जात नाही. समजा मतदान करणाऱ्यांपैकी एका गटाकडे 52 भाग वजन आहे आणि दुसऱ्याकडे 48. पहिल्या गटाने आपल्या वीसच्या वीस उमेदवारांना मत दिलं की प्रत्येकाला 52 मिळतात, समोरच्या प्रत्येकाला जास्तीत जास्त 48. वीसपैकी वीस जागा पहिल्या गटाच्या. अठ्ठेचाळीस भाग वजनाच्या लोकांना एकही जागा नाही. आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत अख्खं पॅनेल निवडून येतं तेव्हा असंच होतं, पण तिथे निदान एक सभासद एक मत असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 27 मध्ये हेच आहे: भाग कितीही असोत, मत एकच. स्टीमवर पॅनेलची पद्धत होती आणि मत मात्र भागांवर. दोन्ही एकत्र आल्यावर थोड्याशा आघाडीवाल्याच्या हाती सगळं जातं. त्यातच बहुसंख्य टोकनधारक मतदानच करत नव्हते, त्यामुळे पाचवा हिस्सा हाती असणारा प्रत्यक्षात त्याहून खूप मोठा ठरत होता.

2017 मध्ये लारिमर बाहेर पडले. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, बाजार कोसळलेला असताना, स्टीमिटने सत्तर टक्क्यांहून अधिक कर्मचारी कमी केले. आणि 14 फेब्रुवारी 2020 रोजी जाहीर झालं की ट्रॉन या प्रतिस्पर्धी ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांच्याकडे स्टीमिट कंपनी गेली. नेड स्कॉट यांनी कंपनी विकली, आणि कंपनीबरोबर तो पाचवा हिस्साही. साखळी कुणाच्या मालकीची नाही असं समजणाऱ्या हजारो लोकांना आपल्या साखळीचा सौदा झाल्याचं बातमीतून कळलं. स्टीम ट्रॉनवर हलवणार असल्याची चर्चा सुरू झाली आणि लोक घाबरले.

आठवड्याभराने, 23 फेब्रुवारीच्या सुमारास, त्या वेळच्या विटनेसनी 0.22.2 हे सॉफ्टवेअर लागू केलं. त्याने स्टीमिटच्या खात्यांतले टोकन गोठवले: हलवता येणार नाहीत, मत देता येणार नाही. सन यांच्या म्हणण्यानुसार कायदेशीर मालकीचे साडेसहा कोटी टोकन अडवले गेले होते, आणि अडवणाऱ्यांना त्यांनी हॅकर म्हटलं. विटनेसचं म्हणणं होतं की हे तात्पुरतं आहे, नव्या मालकाशी बोलणी होईपर्यंत.

मला विटनेसबद्दल सहानुभूती आहे. जुनं वचन मोडलं जाण्याची भीती खरी होती आणि पुढे ती खरीही ठरली. तरीही हा निर्णय बरोबर होता असं मी म्हणणार नाही. वीसएक माणसांनी आपसांत बोलून एका खातेदाराची मालमत्ता गोठवली. ना सर्वसाधारण सभा, ना सूचना, ना अपील. सत्ता मूठभरांच्या हातात आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं, फक्त मूठ आपल्या माणसांची होती. त्या दिवसापर्यंत ‘तुमचे टोकन कुणी गोठवू शकत नाही’ असं स्टीमवाले छातीठोकपणे सांगत. त्यानंतर तसं म्हणता येईना.

मग 2 मार्च उजाडला. मत द्यायचं तर टोकन पॉवर अप करणं भाग होतं. तीन एक्सचेंजनी ग्राहकांच्या ठेवींतले टोकन अडकवले आणि सन यांच्या बाजूच्या वीस खात्यांना मतं दिली. जुने विटनेस खाली फेकले गेले, गोठवण्याचा बदल मागे घेतला गेला आणि स्टीमिटचा मोकळा झालेला हिस्साही त्याच खात्यांच्या मागे उभा राहिला. पोलोनिएक्सचं गणित समजण्यासारखं होतं, 2019 च्या अखेरीस ते एक्सचेंज विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांत स्वतः सन होते. बायनान्स आणि हुओबी मात्र त्रयस्थ समजले जात.

त्याच दिवशी इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी जाहीरपणे लिहिलं की मोठ्या एक्सचेंजनी ग्राहकांच्या ठेवींनी मत देऊन साखळी ताब्यात घेतलेली दिसते. बायनान्सचे तेव्हाचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी सांगितलं की हे नेहमीचं अपग्रेड आहे अशा समजुतीने मान्यता दिली गेली होती. टीका वाढली तशी बायनान्स आणि हुओबीने मतं मागे घेतली. पण अडकलेले टोकन लगेच मोकळे होणार नव्हते, तेरा आठवड्यांचा नियम एक्सचेंजलाही लागू होता. एखाद्या बँकेने मागताक्षणी परत देण्याच्या ठेवी तीन महिन्यांच्या मुदतीत गुंतवाव्यात, तसं हे झालं होतं.

झाओ यांचं म्हणणं खरं मानलं तरी त्याने चिंता कमी होत नाही, वाढते. दुसऱ्याच्या टोकनवर मत देणं हा निर्णय इतका किरकोळ वाटला की तो नेहमीच्या कामात निघून गेला. एक्सचेंजच्या एका वॉलेटमध्ये, म्हणजे साखळीवरच्या खात्यात, लाखो ग्राहकांचे टोकन एकत्र असतात. साखळीला त्यातला एकच खातेदार दिसतो, तो म्हणजे एक्सचेंज. किल्ली त्याच्याकडे, म्हणून मतही त्याचं.

शेअर बाजाराने हा प्रश्न फार आधी सोडवला आहे. आपले शेअर डिमॅटमध्ये असतात तेव्हा कंपनीच्या नोंदवहीत नाव शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी या संस्थेचं असतं, आपलं नव्हे. म्हणून 1996 च्या डिपॉझिटरी अधिनियमात कलम 10 घातलं गेलं: डिपॉझिटरी हस्तांतरासाठी नोंदणीकृत मालक मानली जाईल, पण तिला मतदानाचा किंवा इतर कोणताही हक्क नसेल, ते सगळे हक्क लाभार्थी मालकाचे. एवढं असूनही 2019 च्या नोव्हेंबरमध्ये कार्वी ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्याचं सेबीच्या आदेशातून समोर आलं. पण तो गुन्हा ठरला, कारण नियम होता. स्टीमच्या बाबतीत कुठला नियम मोडला, हेच सांगता येत नव्हतं.

योगायोग असा की 2 मार्चनंतर दोनच दिवसांनी, 4 मार्च 2020 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं एप्रिल 2018 चं परिपत्रक रद्द केलं. क्रिप्टो व्यवहारांना बँकांची दारं बंद करणारं तेच परिपत्रक. भारतातल्या एक्सचेंजना बँकांची दारं पुन्हा खुली झाली, पुण्या-मुंबईतली तरुण मुलं पहिल्यांदा खाती उघडू लागली. त्यांच्या कानावर न्यायालयाचा निकाल आला, स्टीमचा प्रकार क्वचितच कुणाच्या. पुढे 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर तीस टक्के कर आला, त्याच जुलैपासून एक टक्का टीडीएस आला, 2023 च्या मार्चमध्ये एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आली. या तिन्हींत कलम 10 सारखं काही नाही. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्सचेंजच्या वॉलेटमधून 18 जुलै 2024 रोजी सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे टोकन चोरीला गेले. मग तोटा सगळ्या ग्राहकांत वाटायचा की कसा, यावर वाद पेटला आणि एकत्र वॉलेट म्हणजे काय हे अनेकांना तेव्हा कळलं.

पुन्हा स्टीमकडे. एक्सचेंजची मतं निघाल्यावर स्टीमिटचा हिस्सा एका बाजूला आणि सामान्य टोकनधारक दुसऱ्या बाजूला उभे राहिले. ज्यांनी वर्षानुवर्षं मत दिलं नव्हतं असे लोक पासवर्ड शोधून मतदानाला आले. हा भाग वाचताना मला अजून भरून येतं. झोपलेली सभासदसंख्या जागी होते तेव्हा काय होतं ते इथे दिसलं. सन यांच्या वीसही खात्यांना जवळपास सारखी मतं होती, लोकांची मतं पसरलेली होती. त्यामुळे लोकांचे काही विटनेस वर चढले, काही खाली राहिले, आणि सतराचा आकडा दोन्ही बाजूंना गाठता येईना. बोलणी झाली, निष्पन्न काही झालं नाही.

शेवटी लोकांनी घर सोडलं. 20 मार्च 2020 रोजी हाइव्ह ही नवी साखळी सुरू झाली. कोड तोच, जुने लेख तेच, खाती आणि शिल्लक तीच. स्टीमिटचा हिस्सा मात्र नव्या साखळीत कंपनीला मिळाला नाही, तो विकासनिधीत गेला. स्प्लिंटरलँड्ससारखा लोकप्रिय खेळही पुढे हाइव्हवर गेला.

क्रिप्टोच्या समर्थकांचा आवडता मुद्दा इथे खरा ठरतो: मालक आवडला नाही तर साखळीची प्रत काढून निघून जाता येतं. फेसबुक सोडताना आपली मित्रमंडळी, जुने लेख, ओळख मागे ठेवावी लागते. हाइव्हवाल्यांनी सगळं बरोबर नेलं. स्पर्धेचा असा दबाव कुठल्याही टेलिकॉम कंपनीवर नसतो, आणि मी त्याला कमी लेखत नाही.

पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सन यांच्या चालकांना मतं देणाऱ्या काही सामान्य खात्यांनाही हाइव्हचे टोकन दिले गेले नाहीत. चुकीच्या पॅनेलला मत दिलं म्हणून सभासदाचे भाग जप्त झाल्यासारखं हे होतं. नंतर त्यांना दाद मागण्याची वाट ठेवली गेली, तरी यादी बनवणारे पुन्हा मूठभरच होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नव्या टोकनला किंमत यायची तर ते कुठेतरी विकता आलं पाहिजे, आणि ते ठरवणार कोण? बायनान्स आणि हुओबी. ज्यांच्या मतांनी घर गेलं त्यांनीच नव्या घराचे टोकन ग्राहकांना वाटले, बाजारात आणले. तसं केलं नसतं तर हाइव्हचं पुढे काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो. बाहेर पडण्याचा हक्क होता, पण फाटकाची किल्ली एक्सचेंजच्या खिशात होती.

मागे राहिलेल्या स्टीमवर 20 मे 2020 रोजी आणखी एक हार्ड फोर्क, म्हणजे साखळीचे नियम बदलणारा सॉफ्टवेअरचा बदल, झाला. त्यात 64 खात्यांतले 2 कोटी 36 लाख टोकन, तेव्हाच्या भावाने सुमारे पन्नास लाख डॉलरचे, काढून एका खात्यात जमा केले गेले. ती खाती बहुतांशी विरोधकांची होती. मग अनपेक्षित घडलं. कुणीतरी ते सगळे टोकन त्या खात्यातून बिट्रेक्स या एक्सचेंजकडे पाठवले आणि सोबत निरोप लिहिला की हे चोरलेले पैसे आहेत, मूळ मालकांना परत द्या. म्हणजे फेब्रुवारीत गोठवणं, मार्चमध्ये ताबा, मे महिन्यात जप्ती. पहिली पायरी लोकांच्या बाजूच्या विटनेसनी चढली होती, हे मी विसरू शकत नाही. तेव्हा मोडलेला संकोच पुढे कुणीच पाळला नाही.

हाइव्हने त्यातून काही शिकून कोडमध्ये लिहिलं. 2020 च्या ऑक्टोबरमधल्या हार्ड फोर्कपासून नव्याने अडकवलेल्या टोकनना चालकांच्या निवडणुकीत मत देण्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर शेकडो नवे सभासद भरून घेण्याचा प्रकार रोखायला मतदार यादीला अर्हता दिनांक ठरवतात, त्याच जातीचा हा उपाय. एका दिवसात एक्सचेंजने येऊन सत्ता उलटवणं त्याने थांबतं. 2021 पासून मतांनाही मुदत आली, मतदानाबाबत वर्षभर काहीच न केलेल्या खात्याचं मत आपोआप गळतं. एका मताला तीस ठिकाणी पूर्ण वजन ही रीत मात्र त्यांनी ठेवली. कारण काहीही सांगोत, मला ते पटलेलं नाही. मतपद्धत तीच राहिली तर पॅनेल तसंच निवडून येईल, फक्त महिनाभर उशिरा.

ऑक्टोबर 2022 मध्ये हुओबीचा मालकवर्ग बदलला आणि त्या एक्सचेंजच्या जागतिक सल्लागार मंडळावर जस्टिन सन आले. वर्षभरात तिचं नाव एचटीएक्स झालं. 2 मार्चला ग्राहकांच्या टोकनवर मत देणाऱ्या तीन एक्सचेंजपैकी दोन ठिकाणी आता तेच नाव आहे.